पुसेगावच्या यात्रेतले लोहचुंबक

मार्गशीर्षात साताऱ्याहून पुसेगावला निघालात, तर कोरेगाव मागे पडल्यावर वर्धनगडाचा घाट लागतो. जुन्या गाडीची खरी तब्येत कळते ती इथे. आमच्या शेजारच्या तात्यांची डिझेल जीप या चढाला असा काळा धूर सोडीत होती, की मागच्या गाड्यांतली माणसे नाकाला पदर-रुमाल लावून बसली होती.

घाट ओलांडला की पुसेगाव. सेवागिरी महाराजांचा नोटांच्या माळांनी झाकलेला रथ, खिलार बैलांचा बाजार, शेतीचे प्रदर्शन; दिवस पुरत नाही. तात्या मात्र एका मांडवापुढे खिळले. “डिझेलची नळी कापून मध्ये हे लोहचुंबक बसवा, शेकडा २५ बचत!” विक्रेत्याची जीभ मोठी गोड. तात्यांचा हात पैशाच्या पिशवीकडे गेला.

“आधी तो धूर कशानं येतो ते तरी बघा!” काकू म्हणाल्या.

काकूंचे म्हणणे खरेच होते. डिझेल काय लोखंड आहे चुंबकाने बदलायला? अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी असली शंभरावर साधने तपासली. थोडाफार फायदा देणारीही अगदी मोजकीच निघाली. शिवाय कापलेली नळी नीट सांधली नाही, तर आत हवा शिरून इंजिन बंद पडते. भर घाटात पडले म्हणजे?

रस्त्याकडेच्या मिस्त्रीने बॉनेट उघडून एअर क्लीनरची वाटी काढली. तेलाचा नुसता चिखल! ट्रॅक्टरची वाटी आपण आठवणीने धुतो, जीपची राहून जाते. हवा कमी आणि डिझेल तेवढेच, मग काळा धूर येणारच. पुढे त्याने जॅक लावून चाके फिरवली. मागचे डावे हलेना. ब्रेक चिकटलेला, ड्रम कढत. म्हणजे इतके दिवस इंजिन गाडीबरोबर हा ब्रेकही ओढीत होते! टायरांत हवाही कमी होती. नोझल तपासायचे काम मात्र “इथं होत नाही, साताऱ्याला दाखवा” असे त्याने सरळ सांगून टाकले. असा मिस्त्री भेटला तर त्याला सोडू नका.

परतीच्या चढावर धूर अगदीच गेला नव्हता, पण मागचा रस्ता आता दिसत होता. चुंबकाच्या पैशातून मिस्त्रीची मजुरी भागली आणि वर काकूंना एक घोंगडे झाले. ते बाकावर पसरून त्या घाटभर निवांत बसल्या होत्या.