जुनं काय वाईट व्हतं? : एरंडोलच्या रोजनिशीतील पाने

3 नोव्हेंबर 2025, सोमवार

आमची टीम जिचं काम बघते, त्या ग्राहक कंपनीचा निर्णय आज पक्का झाला. सगळ्या डेपोंची माहिती एका जागी आणणारं सध्याचं टूल बंद होणार आणि त्याच्या जागी दुसरं येणार. कंपनीचा औषधांचा घाऊक व्यापार आहे. धुळे, जळगाव, नाशिक इथली बिलं, साठा, परत आलेला माल हे सगळं रात्री ओढून घ्यायचं, एका साच्यात बसवायचं आणि सकाळी पुण्याच्या कार्यालयात हिशेब तयार ठेवायचा. सध्याचं टूल हे काम नीट करतं, अडत नाही, चुकत नाही.

मग बदल कशासाठी, असं मी विचारलं, तेव्हा हिशेब विभागाच्या साहेबांनी टूलचं बिल पडद्यावर उघडलं. आकारणी बदललेल्या ओळींवर आहे. महिन्याभरात ज्या ओळीत काही बदललं, ती ओळ मोजली जाते. 22 सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर लागू झाले, बरीचशी औषधं 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आली. कर बदलला, त्यामुळे छापील किंमत बदलली, आणि वस्तूंच्या यादीतल्या जवळजवळ सगळ्या ओळी एकदम नव्या ठरल्या. विक्री तेवढीच, माल तेवढाच. फुगलं ते फक्त बिल. मला साहेबांचं म्हणणं पटलं. खर्च कशावर मोजायचा हे विकणाऱ्यानं ठरवलं होतं आणि ते माप या धंद्याला लागू पडत नव्हतं.

6 नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी कापूस पिकवणारे नाना फोन घेऊन आले. यंदा सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी हवी. लांब धाग्याचा हमीभाव 8110 रुपये क्विंटल आहे, व्यापारी त्याच्या बराच खाली मागतो, म्हणून नोंदणी सोडून चालत नाही. आधार, सातबारा, पीकपेरा असं सगळं जोडायला दोघं ओट्यावर बसलो. पीकपेरा ई-पीक पाहणीतून येतो, आणि तिथे नाना अडले.

"बाई, आधी एक अ‍ॅप व्हतं, मंग दुसरं उनं. जुनं काय वाईट व्हतं?"

वाईट काहीच नव्हतं. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकरी स्वतः बांधावरून पिकाची नोंद करू लागला, ते राज्याचं स्वतःचं अ‍ॅप होतं. पुढे केंद्रानं सगळ्या राज्यांसाठी डिजिटल पीक सर्वेक्षणाचा एकच साचा आखला आणि आपल्याकडे 'डीसीएस' आवृत्ती आली. पुढच्या साखळीला माहिती ज्या आकारात हवी होती तो आकार बदलला, म्हणून हातातलं साधन बदललं. नानांना हे सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण समाधान झालं नाही, आणि ते बरोबर आहे. त्यांच्या शेतात कापूस पूर्वीसारखाच उभा आहे. शिकलेली गोष्ट पुन्हा शिकण्याचे कष्ट मात्र त्यांच्या वाट्याला आले. बदलाचं कारण एका जागी आणि त्याचा भार दुसऱ्याच जागी, हे मी कामात रोज बघते.

9 नोव्हेंबर, रविवार

सुट्टी असूनही जुन्या टूलमधले नियम उतरवून काढत बसले. या कामात खरी मेहनत हीच. माहिती उचलणं नव्या टूलला सहज जमतं. वाटेत तिच्यावर काय काय संस्कार झाले, ते कुठेच एका जागी लिहिलेलं नसतं.

एक नियम असा सापडला की धुळे डेपोच्या परत आलेल्या मालाला दोन दिवस मागची तारीख लावायची. फक्त धुळ्याच्याच. शेजारी टीप नाही, लिहिणाऱ्याचं नाव नाही. ज्यानं तो लिहिला, तो कंपनी सोडून गेला. धुळ्याच्या जुन्या हिशेबनीस काकांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, तेव्हा परतीच्या पावत्या पार्सलनं यायच्या. दोन दिवस लागायचे, म्हणून तारीख मागं घ्यायचो. आता काय, पावती जागेवरच कॉम्प्युटरमध्ये पडते." म्हणजे कारण संपून गेलं आणि नियम चालत राहिला. महिन्याच्या सुरुवातीचा काही माल गेली काही वर्षं आदल्या महिन्यात मोजला जातोय.

दुसरा नियम याच्या उलट. बॅच क्रमांक अक्षरं म्हणूनच वाचायचा, आकडा म्हणून नाही. वरवर पाहता क्षुल्लक. पण नव्या टूलनं पहिल्या चाचणीत तो आपणहून आकडा धरला आणि सुरुवातीची शून्यं गळाली. 00417 चं 417 झालं. उद्या एखाद्या बॅचमध्ये दोष निघाला, माल परत मागवण्याचा आदेश आला, तर 00417 शोधणाऱ्याला आपल्या यादीत काहीच सापडणार नाही, आणि त्या बॅचच्या गोळ्यांची पट्टी कासोद्याच्या किंवा पारोळ्याच्या एखाद्या दुकानात विकली जात राहील. हा नियम कुणीतरी जाणतेपणानं लिहिला होता. त्याचंही नाव कुठे नाही.

कंपन्या टूल का बदलतात, याचं एक कारण मला इथे दिसतं आणि ते कुठल्याच बैठकीत बोललं जात नाही. माणूस गेला की टूल परकं होतं. आत काय चाललंय हे सांगणारं कुणी उरत नाही, हात लावायची भीती वाटते, आणि मग नवं घेणं सोपं वाटू लागतं.

13 नोव्हेंबर, गुरुवार

गावातल्या आबांशी बोलताना 2017 च्या चावडी वाचनाचा विषय निघाला. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना नावं, क्षेत्रं, हिस्से चुकले होते. म्हणून गावोगाव सातबारा मोठ्यानं वाचून दाखवला गेला. ज्याचं नाव, त्यानं ऐकायचं आणि चूक तिथेच सांगायची. पुढे दुरुस्त्या झाल्या, काही तहसीलदारांच्या आदेशानं, जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली. आबा म्हणाले, "कागद कागदाशी जुळला म्हणजे काम झालं असं नाही. माणसाला विचारावं लागतं."

उद्यापासून आम्ही तेच करणार. प्रत्येक डेपोच्या प्रमुखाला फोनवर त्याच्याच महिन्याचे आकडे वाचून दाखवायचे. टीममधल्या तरुण मुलांना हे मागासलेलं वाटलं. मी आग्रह धरला.

15 नोव्हेंबर, शनिवार

वैयक्तिक माहिती संरक्षणाचे नियम काल अधिसूचित झाले. कायदा 2023 चा आहे, बहुतेक तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होतील. किरकोळ दुकानदारांचे फोन क्रमांक आपल्या साखळीतून कुठे कुठे जातात, हा प्रश्न साहेबांनी लगेच विचारला. चांगलं झालं.

19 नोव्हेंबर, बुधवार

आमच्या कामासारखी टूल बनवणारी इन्फॉर्मॅटिका विकत घेण्याचा व्यवहार सेल्सफोर्स कंपनीनं काल पूर्ण केला. मे महिन्यात जाहीर झाला तेव्हा आकडा सुमारे 8 अब्ज डॉलरचा होता. इन्फॉर्मॅटिका 1993 ची. आमच्या पिढीतले किती तरी जण पुण्यात, बंगळुरात याच टूलवर पहिली नोकरी करत शिकले. 2023 मध्ये तसंच टूल बनवणारी टॅलेंड ही कंपनी क्लिक या कंपनीकडे गेली आणि जानेवारी 2024 अखेर तिची फुकटची आवृत्ती बंद झाली. छोट्या कंपन्यांनी त्या आवृत्तीवर वर्षानुवर्षं काम उभं केलं होतं. गेल्या महिन्यात फाइव्हट्रॅन आणि डीबीटी लॅब्स या याच क्षेत्रातल्या कंपन्यांनी एकत्र येण्याची घोषणा केली.

अशा बातमीनंतर प्रत्येक ग्राहकाचा फोन येतो: आता भाव वाढतील का, अडचणीत मदत मिळेल का, नव्या मालकाच्याच इतर वस्तू घ्याव्या लागतील का? हे प्रश्न रास्त आहेत. नवा मालक वाईटच असतो असं नाही. पण त्याच्या योजनेत जळगावच्या डेपोची रात्रीची बिलं कुठे असणार? म्हणून मी आता प्रत्येक नियम साध्या मराठीत, कारणासह, टूलच्या बाहेरच्या वहीत लिहून घेते. वही कंपनीची. टूल विकलं गेलं तरी ती राहील.

23 नोव्हेंबर, रविवार

दाजी आले होते, ते विविध कार्यकारी सोसायटीचे गटसचिव. त्यांच्या सोसायटीसारख्या प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाला केंद्रानं जून 2022 मध्ये मंजुरी दिली, तेव्हा 63,000 संस्था आणि 2516 कोटी रुपये होते. नंतर व्याप्ती 67,930 संस्थांपर्यंत वाढली. देशभर एकच सॉफ्टवेअर, नाबार्डमार्फत. काही ठिकाणी आधीच निरनिराळी सॉफ्टवेअर होती, बाकी सगळी वही. वेगवेगळ्या साच्यांतली खाती जिल्हा बँकेच्या हिशेबाशी जोडणं अवघड होतं, म्हणून एक साचा.

दाजींनी सांगितलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. सुरुवातीची शिल्लक 31 मार्चच्या ताळेबंदाशी जुळल्याशिवाय ते पुढची एकही नोंद चढवत नाहीत, आणि कर्ज खतावणी अजून हातानंही लिहितात. "थकबाकीत पन्नास रुपये जास्त दिसले तरी माणूस वर्षभर बोलत नाही," असं ते म्हणाले.

27 नोव्हेंबर, गुरुवार

साहेबांना 30 तारखेलाच जुनं टूल बंद करायचं होतं, एका महिन्याचं भाडं वाचवायला. मी त्यांना टीएसबी बँकेचं उदाहरण दिलं. 2015 मध्ये स्पेनच्या साबादेलनं ती ब्रिटिश बँक घेतली; आधीच्या मालक बँकेच्या, लॉइड्सच्या, यंत्रणेवर राहण्याचे पैसे भरावे लागत होते, म्हणून एप्रिल 2018 मध्ये एका शनिवार-रविवारात सगळं नव्या यंत्रणेवर हलवलं. सुमारे 52 लाख ग्राहकांची बँक, त्यांतल्या फार मोठ्या भागाला फटका बसला, आणि गाडी रुळावर यायला डिसेंबर उजाडला. 2022 मध्ये नियामकांनी 4 कोटी 86 लाख पौंडांहून जास्त दंड केला. हलवण्याचं कारण रास्त होतं. मात्र पुरेशी तपासणी न करता उडी घेतली गेली.

साहेब थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "ठीक आहे मॅडम, डिसेंबरभर दोन्ही चालू द्या."

1 डिसेंबर, सोमवार

दोन्ही टूल एकत्र चालवण्याची पहिली सकाळ. जळगाव आणि नाशिकचे आकडे जुळले. धुळ्याचा परतीचा माल जुळला नाही, आणि तो जुळणारच नव्हता. मागच्या तारखेचा नियम नव्या टूलमध्ये घातलेला नाही, साहेबांची लेखी मंजुरी घेऊनच. फरकाची प्रत्येक ओळ त्यांच्याकडे पाठवली, धुळ्याच्या काकांनाही वाचून दाखवली. बॅच क्रमांकांची शून्यं शाबूत आहेत. एकेक यादी उघडून पाहिली. वहीची पहिली प्रत आज पुण्याला गेली, आणि पुढच्या करारात ती टूलसोबत सोपवण्याचं कलम घालावं असं मी लिहून कळवलं आहे.