तारेच्या पलीकडे

वेगवान माणूस तत्पर असतोच असे नाही. तासाला भराभर बोलणारे, पण विद्यार्थ्याने शंका विचारली की तो कंटाळून खाली बसेपर्यंत उत्तरास आरंभ न करणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत. हाच भेद इंटरनेटलाही लागू पडतो. आणि जाहिराती वेगाचा आकडा ठळक छापतात, विलंबाचा क्वचितच.

आमचे कोकणातले घर ओढ्यापलीकडे, वस्तीपासून दूर आहे. विजेची तार तिथवर आली, फायबर मात्र बाजारपेठेतच थांबले. एका घरासाठी त्याने पुढे यावे अशी अपेक्षाही कोणी करू नये. आई तिथेच राहते. तिचे वय ८३. नात एडिंबरोला शिकते. दर रविवारी दोघींना एकमेकींकडे पाहत बोलता यावे, एवढ्यासाठी तारेवाचून जोडणी मिळविण्याचे मार्ग मी तपासू लागलो.

त्यांतला सर्वांत जुना मार्ग फार उंचावरून जातो. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून खालून तो स्थिर भासतो. त्याच्याकरवी संदेश पाठवावेत ही कल्पना आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात मांडली होती. पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे १९७१ साली उभे राहिलेले भूकेंद्र याच जातीच्या उपग्रहांशी बोलत असे. तबकडी एकदा रोखली की पुन्हा हलवावी लागत नाही, आणि कितीही आडरान असले तरी सेवा पोहोचते. परंतु प्रश्न वर जाऊन खाली यायचा, उत्तरानेही तीच वाट धरायची. हा प्रवास १,४४,००० किलोमीटरांचा होतो आणि प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला किंवा चित्रपट पाहणाऱ्याला तो जाणवणार नाही. ज्यांनी पूर्वी उपग्रहामार्गे परदेशी ट्रंक कॉल केले, त्यांना मात्र तो आठवत असेल: दोघेही एकदम बोलत, आणि मग दोघेही एकदम थांबत. आईच्या पिढीला तर मौनाचे अर्थ लावण्याची सवय आहे. "जेवलीस का?" या प्रश्नाला अर्धा सेकंद उत्तर आले नाही, की पोर काहीतरी लपवते आहे असे ती ठरवून मोकळी होते. पुढे आठवडाभर तिची समजूत मला घालावी लागेल.

स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवरून जातात, त्यामुळे हा विलंब जवळजवळ नाहीसा होतो. मात्र इतका खालचा उपग्रह काही मिनिटांत माथ्यावरून निघून जातो. म्हणून ते हजारोंनी लागतात, आणि तबकडीला एकाचा निरोप घेऊन दुसऱ्याशी सूत जमवावे लागते. भारतात या कंपनीला जून २०२५ मध्ये दूरसंचार खात्याचा परवाना मिळाला. या व्यवस्थेला विस्तीर्ण मोकळे आकाश हवे. झाड आडवे आले की संभाषण तुटते. आणि कोकणात घराभोवती आकाश मोकळे ठेवणाराला लोक आळशी म्हणतात! शिवाय तबकडीला साधारण पंख्याइतकी वीज अहोरात्र लागते, आणि मुसळधार पावसात लहरी क्षीण होतात.

राहिला मोबाइलचा मनोरा. २०२३ साली आपल्याकडील दोन मोठ्या कंपन्यांनी फाइव्ह-जी लहरींवर घरगुती जोडणी देण्यास प्रारंभ केला. पण त्या सेवेच्या आखूड लहरी झाडी-डोंगरांपुढे लवकर हार मानतात. जुन्या फोर-जीच्या लांब लहरी अधिक चिवट असतात. ओटीवर फोन मुका राहतो म्हणून तिथे लहरी नाहीतच असे समजू नये. जाड चिऱ्याची भिंत आणि कौलांखालची सावली सोडून, उंच खांबावर एका दिशेला रोखलेले एरियल लावले तर चित्र पालटते. मात्र एरियलपासून यंत्रापर्यंतची केबल लांबली की कमावलेले बळ तिच्यातच जिरते. म्हणून यंत्रच खांबावर, पाऊस न लागेल अशा पेटीत ठेवावे. संध्याकाळी सारा गाव त्याच मनोऱ्यावर येतो आणि वेग मंदावतो हे खरे. पण मंद वेगाने नातीचा चेहरा थोडा पुसट दिसेल. उत्तर मात्र वेळेवर येईल. मला तेवढे पुरे आहे.

खाडीपलीकडच्या टेकडीवरील मनोरा आमच्या पडवीच्या टोकावरून दिसतो. तिथे वीस फुटी लोखंडी नळ उभा करण्याचे ठरले. तो जमला नाही तर खालच्या उपग्रहांची तबकडी घ्यावी, आणि त्यासाठी अंगणातला फणस उतरवावा, असे मी आईपाशी सुचवून पाहिले.

"नळ तीस फुटी आण," ती म्हणाली.