चौथा भाडेकरू

घर भाड्याने मागायला गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न कोणता विचारतात, यावरून गाव ओळखावे. आमच्या बेळगावात 'मूळचे कुठले?' असे विचारतात आणि त्या एका उत्तरातून गाव, जात, घरची भाषा आणि सीमाप्रश्नावरचे मत एवढे सगळे काढून घेतात. पुण्यात 'सोडणार कधी?' हे आधी ठरते, मग राहायला येण्याचे. बडोद्यात पहिला प्रश्न स्वयंपाकघराचा. 'नॉनव्हेज तर नाही ना खात?'

मी, आमच्या सौ. आणि आमचा भाचा, आम्ही तिघेही शाकाहारी. चौथी मात्र उंदीर खात होती.

चौथी म्हणजे कुंदा. भाचा बेळगावहून इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात फाइन आर्ट्स शिकायला आला, तो काचेची एक पेटी घेऊनच. पेटीत साडेतीन फुटांचा साप. जात बॉल पायथन. पश्चिम आफ्रिकेतला हा लहान अजगर भ्याला की डोके आत घेऊन स्वतःचा चेंडू करतो, म्हणून नाव बॉल. विष नाही, फुत्कारही क्वचित. रंग असा, की दूध आटवून आटवून तांबूस झालेला बेळगावचा कुंदाच. म्हणून नाव कुंदा. बेळगावच्या पोराला याहून वेगळे काय सुचणार?

त्याच सुमाराला मी निवृत्त झालो, क्वार्टर सोडायची वेळ आली आणि आम्ही चौघे घर शोधायला लागलो. साल २०२४, पावसाळ्याचा शेवट.

आधी कायद्याचे सांगतो, कारण ऐकणाऱ्याच्या मनात पहिली शंकेची पाल तिथेच चुकचुकते. आपला अजगर, नाग, घोरपड, पाठीवर चांदण्या असलेले ते देखणे स्टार कासव, यांतले काहीही घरात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. 'कासव घरात असले की लक्ष्मी येते' म्हणून हौदात स्टार कासव सोडणारे भाविक तुरुंगाच्या किती जवळ राहतात, हे त्यांना ठाऊक नसते. परदेशी जातींना मात्र कित्येक वर्षे कसला धरबंधच नव्हता. २०२० साली सरकारने 'ज्याच्याकडे असतील त्याने आपण होऊन सांगावे' अशी सवलत दिली, २०२२ साली कायदा दुरुस्त झाला आणि फेब्रुवारी २०२४मध्ये नोंदणीचे नियम आले. प्राणी आला, गेला, व्याला, मेला, सगळे सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर कळवायचे. भाच्याने बंगळुरातल्या पाळणाऱ्याची पावती जपली होती, नोंदणीही केली होती. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आम्ही दारोदार हिंडत होतो. माणसाच्या जन्माचा दाखला कुणी इतका मिरवला नसेल.

स्वतः मी या हौसेच्या बाजूचा नाही. आफ्रिकेच्या गवतातला जीव बडोद्यात काचेत ठेवायचा, हिवाळ्यात त्याच्या पोटाखाली विजेची गादी तापवायची आणि त्याला प्रेम म्हणायचे, हे मला पटत नाही. भाच्याला तसे सांगितलेही. तो म्हणाला, "मामा, पटत नाही ते ठीक. पण आता ती आहे. पंचवीस-तीस वर्षं जगते. तिचं काय करायचं ते सांगा." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. नदीकाठी सोडली तर थंडीने मरेल नाहीतर काठीने. बाजारात नाण्याएवढी विकतात ती लाल कानांची अमेरिकन कासवे थाळीएवढी झाली, घर बदलायची वेळ आली, की लोक तळ्यात सोडून मोकळे होतात. पण ती जात जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आगंतुक जीवांच्या यादीत आहे. जाईल तिथे ती गावच्या कासवांच्या वाट्याचे खाते, त्यांच्या उन्हाच्या जागा बळकावते.

दलालाने पहिल्याच दिवशी व्यवहारी सल्ला दिला. "सांगायचंच कशाला? पेटीवर चादर टाका. फिशटँक म्हणा." आमच्या सौ.नाही तो पटला. मी अडून बसलो, ते काही सत्यवचनाच्या हौसेने नव्हे. हा साप मंद दिसतो, पण दोन बोटांची फट पुरते त्याला निसटायला. निसटला आणि शेजारच्या मोरीत निघाला, तर त्याची जात, त्याचा कागद, त्याचे पोर्टल कोण विचारणार? लोक आधी मारतात, मग विचारतात. त्यांचेही चुकते असे कसे म्हणू? २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे मरतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ओळखता येत नसलेल्या माणसाने साप दिसताच काठी उचलली तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार निदान मला नाही. म्हणून, ज्या घरात राहायचे त्या घराला आधी माहीत पाहिजे.

आणि माहीत करून दिले की घर जायचे. एका मालकांच्या दिवाणखान्यात पितळी कासव पाण्याच्या ताटलीत ठेवलेले होते, वास्तूला चांगले म्हणून. जिवंताचे नाव काढताच त्यांनी चहाचे कप उचलले. एके ठिकाणी वरच्या मजल्यावर बाळंतीण होती. ते कारण खरे होते आणि आम्ही निमूट उतरलो. एक जण तर कागद दोनदा वाचून म्हणाले, "सरकारनं परवानगी दिली, मग सरकारच्या घरी राहा."

गंमत अशी, की हे सगळे बडोद्यात घडत होते. विश्वामित्री या शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात शेकड्यांनी मगरी आहेत. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी पूर आला, तेव्हा २७ ते २९ या तीन दिवसांत वनखात्याने वस्त्यांमधून २४ मगरी उचलल्या, सर्वांत मोठी १४ फुटांची. शिवाय नाग, इतर साप आणि चाळीस-चाळीस किलोंची पाच कासवे. लोक गच्चीवर उभे राहून, फोन करून, प्राणी सोडवणाऱ्या पोरांची वाट बघत होते. मगर मारा असे कुणी म्हटलेले मी तरी ऐकले नाही. नदी तिची, पाणी चढले म्हणून ती आली, उतरले की जाईल, अशी एक समजूत या शहराच्या हाडात आहे. आणि भिंतीवरच्या पालीला तर प्रत्येक घरात मोफत बिऱ्हाड. ती अंगावर कुठे पडली तर काय फळ, याचे कोष्टकच पंचांगात दिलेले असते. न विचारता आलेल्याला जागा आहे, विचारून येणाऱ्याला नाही.

नागरवाड्यातले घर मिळाले ते नवव्या की दहाव्या खेपेला. (भाच्याच्या मित्रांनी नावातला 'नाग' शोधून कोटी केलीच.) जुने लाकडी घर, रस्त्याला लागून ओटा, मालकीणबाई मराठी. त्यांची पाचवी पिढी इथली. बोलणे आपलेच, पण मधूनच गुजराती वळणाचे. दलालाने घोटाळा करून ठेवला होता. त्याने सांगितले होते, मामा, मामी, भाचा आणि कुंदा. काकूंनी भाच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"कुंदा कोण? लग्न झालंय का तुमचं?"

"नाही काकू. कुंदा साप आहे."

काकू बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "बरं. मला वाटलं मुलगी आहे." साप आहे म्हटल्यावर कुणाचा जीव भांड्यात पडलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

कागद त्यांनी पाहिलाच नाही. विचारले ते एवढेच, की खाते काय? भाच्याने सांगितले. दहा-बारा दिवसांतून एकदा एक पांढरा उंदीर, मेलेला, बर्फात ठेवलेला. इथे मात्र त्या ताठ झाल्या. साप चालेल, पण ज्या फ्रीजमध्ये दूध तिथे उंदीर चालणार नाही. माझ्या सौ.नी "हेच मी म्हणत होते" म्हणून तत्काळ त्यांचा पक्ष घेतला. शेवटी भाच्याने शिष्यवृत्तीतून एक जुना छोटा फ्रीज घ्यायचा, तो जिन्याखाली ठेवायचा आणि त्याचे वीजबिल वेगळे द्यायचे, असे ठरले. जैनांची घरे शेजारी आहेत, पिशवी उघडी न्यायची नाही, हेही ठरले. मला ही बोलणी फार आवडली. साप या शब्दाभोवती कुणी फिरत बसले नाही. दुधाचा प्रश्न होता, तो दुधापुरता सोडवला.

उठता उठता त्यांनी भाच्याला विचारले, "सुटला तर आधी कुणाला सांगशील?"

"मामांना."

"नाही, दीकरा. आधी मला. रात्री दोन वाजले तरी. घर माझं आहे, भोकं कुठे आहेत ते मला माहीत."

त्यांच्या सासरच्या विहिरीत कासव असायचे, पाणी स्वच्छ राहते म्हणून सोडलेले. आपल्याकडेही सोडत. नळ आल्यावर विहीर बुजवायचे ठरले, तेव्हा सासऱ्यांनी माणूस आत उतरवून ते कासव काढून घेतले आणि मगच पहिला दगड टाकू दिला. एवढेच त्या बोलल्या. भाड्यात मात्र एक रुपया कमी केला नाही.

पुढल्या श्रावणात कुंदाला दोन नागपंचम्या मिळाल्या. आपली शुद्ध पंचमीला, गुजरातची वद्य पंचमीला, पंधरा दिवसांच्या अंतराने. दोन्ही वेळा ओट्यावर बायका जमल्या, दुधाच्या वाट्या आल्या. साप दूध पीत नाही हे भाच्याने सांगितले, तेव्हा दूध पोरांनी प्यायले. मला आपल्या बत्तीस शिराळ्याची आठवण झाली. तिथे न्यायालयाने रोखेपर्यंत जिवंत नाग पकडून आणत, मडक्यात घालून पंचमीपर्यंत घरात ठेवत, घरातली लेकीबाळी त्याला भाऊ म्हणत. नागांचे त्यात हाल होत, बंदी आली ते योग्यच झाले. पण साप घरात असण्याची आपल्या लोकांना सवयच नाही, हे काही खरे नाही. पुण्यात १९८० साली नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास राहिले, तेव्हा बघायला गर्दी लोटली होती. त्या गर्दीतल्या किती जणांनी खैऱ्यांना नंतर खोली भाड्याने दिली असती, हा प्रश्न मला आता पडतो.

आणि ती सुटलीच. भाद्रपदातली रात्र, अकरा वाजलेले, पेटीचे झाकण अर्धा इंच सरकलेले. भाचा पांढराफटक. त्याने मला हाक मारली नाही. अनवाणी खाली गेला आणि काकूंचे दार वाजवले. मी जागा होऊन उतरलो तोवर त्यांनी तिन्ही मोऱ्यांच्या भोकांवर विटा ठेवल्या होत्या, दोन्ही दारांच्या फटीत गोणपाट कोंबले होते आणि शेजाऱ्यांना ओट्यावरूनच बजावले होते, "आमचा आहे, विषारी नाही, काठी कुणी घेऊ नका." 'आमचा' हा शब्द माझ्या कानाला लागला. तासभर शोधल्यावर कुंदा जिन्याखालच्या त्याच छोट्या फ्रीजच्या मागे सापडली, मोटारीच्या उबेला चेंडू होऊन बसलेली. बाजूलाच तिचे दोन महिन्यांचे जेवण होते.

पुढे अकरा महिन्यांचा करार नवा करायची वेळ आली. काकूंनी वकिलाला सांगितले, यंदा चौघांची नावे घाला. वकील साप लिहीना. 'एक नोंदणीकृत पाळीव प्राणी' इथपर्यंत यायला तो तयार होता. काकू म्हणाल्या, प्राणी म्हटलं की उद्या कुत्रं आणतील, साप म्हणजे साप लिहा. टायपिस्टाने नाव घातले, मग मान वर करून विचारले, "वय? धंदा?"

भाचा म्हणाला, "वय पाच."

धंद्याच्या जागी त्याने रेघ मारली.