नाव नसलेला सुगंध

सुगंधी द्रव्यांचा विषय निघाला की आपली मंडळी थेट पॅरिसला जाऊन पोहोचतात; फार तर वाटेत कनौजला थांबतात. मुलुंडला कुणी उतरत नाही. वास्तविक भारतातील एका नामांकित सुगंधपेढीचा कारखाना तेथेच, लालबहादूर शास्त्री मार्गावर उभा राहिला. एस. एच. केळकर आणि कंपनी हे त्या पेढीचे नाव. स्थापना १९२२ सालची.

तो काळ मोठा विलक्षण होता. आदल्याच वर्षी, १९२१ मध्ये, पॅरिसच्या शानेलबाईंनी आपले ‘नंबर पाच’ अत्तर बाजारात आणले होते. इकडे असहकाराची चळवळ पेटली होती, परदेशी कापडाच्या होळ्या होत होत्या. म्हैसूर संस्थानात चंदनाचे तेल आणि साबण तयार होऊ लागले होते. साबण देशी झाला, तरी त्याला वास हवा. उदबत्तीला हवा, केशतेलाला हवा. अशा दिवसांत मुंबईत एक मराठी नाव या धंद्यात उतरले.

ही पेढी मुख्यतः आपल्यासारख्यांना कुपी विकत नाही, हे ध्यानात घ्यावे. अनेक द्रव्ये मोजून मापून मिसळायची आणि ते मिश्रण साबणवाल्याला, उदबत्तीवाल्याला द्यायचे, असे हे काम. ‘कोब्रा’, ‘केवा’ ही तिची नावे त्या व्यापारात सर्वांना ठाऊक. ज्याच्या नाकापर्यंत सुगंध पोहोचतो, त्याला मात्र वेष्टनावर साबणवाल्याचेच नाव दिसते.

ही द्रव्ये फुलांतूनच येतात असेही नाही. आमच्या वाडीत विहिरीच्या कडेला गवती चहा माजलेला असे. त्याच्या तेलात सिट्रल नावाचे द्रव्य असते. टीमान आणि क्रूगर या जर्मन रसायनज्ञांनी १८९३ साली त्यापासून आयोनोन तयार केले, आणि त्याला चक्क व्हायोलेटच्या फुलांचा वास! आम्ही मात्र तो पाला चहात उकळून सर्दी घालवण्यापलीकडे कधी गेलो नाही.

फुलांचे आम्हांला अधिक ठाऊक. आमची आई पहाटे मोगरा खुडून पाट्या भरी. त्या वसईहून दादरच्या बाजारात जात. ती फुले कुणाच्या वेणीत गेली, कुणाच्या देव्हाऱ्यात वाहिली गेली, हे तिला कधी कळले नाही, आणि माळणाऱ्यांनाही तिचे नाव ठाऊक नव्हते. तिला त्याचे काही वाटत नसे. आम्हांला वाटते. ‘नंबर पाच’चे मिश्रण केले अर्नेस्ट बो यांनी, पण जगाच्या तोंडी नाव राहिले शानेलबाईंचे. हात एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, ही रीत व्यापाराला सोयीची असेल. न्यायाची आहे, असे आम्ही म्हणणार नाही.

केळकरांचे नाव सर्वसामान्य घरांत पोहोचले, तेही वासाने नव्हे. २०१५ साली कंपनीचे समभाग बाजारात आले, तेव्हा वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर ते अनेकांनी प्रथम वाचले. त्याच्या कितीतरी आधी, १९८४ मध्ये, केळकर एज्युकेशन ट्रस्टचे वझे महाविद्यालय मुलुंड पूर्वेला सुरू झाले होते. आमच्या नात्यातला एक मुलगा तेथून पदवीधर झाला. हे केळकर कोण, असे आम्ही त्याला विचारले. “असतील कुणी देणगीदार,” तो म्हणाला आणि न्हाणीघराकडे वळला. थोड्याच वेळात घरभर साबणाचा वास दरवळला.