सीडी-४ मोजताना

हिवरे बाजारचं नाव निघालं की लोक पाण्याचा ताळेबंद, कुऱ्हाडबंदी, श्रमदान सांगतात. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मला आधी आठवतो तो लग्नापूर्वी एचआयव्ही तपासणी करण्याचा गावाचा नियम. नियम सगळ्या घरांना सारखा, त्यामुळे कुणा एकावर बोट राहत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र तपासणी समजावून, संमती घेऊनच व्हावी आणि अहवाल गुप्त राहावा. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदाही हेच सांगतो.

त्या तपासणीत शरीरानं विषाणूविरुद्ध तयार केलेली अँटिबॉडी शोधतात. संसर्गानंतर सुरुवातीचे काही आठवडे ती सापडत नाही, म्हणून शंका असेल तर ‘निगेटिव्ह’ आल्यावरही पुन्हा तपासावं लागतं.

माझं काम ‘पॉझिटिव्ह’नंतरचं, सीडी-४ पेशी मोजण्याचं. इथे अँटिबॉडी हेच माझं अवजार. टी-पेशींच्या एका गटाच्या पृष्ठभागावर सीडी-४ नावाचं प्रथिन असतं आणि एचआयव्ही त्यालाच धरून आत शिरतो. हे १९८४ साली कळलं तेही अँटिबॉडींमुळेच. संशोधकांनी दीडशेहून अधिक वेगवेगळ्या अँटिबॉडी पेशींवर लावून पाहिल्या; विषाणूची वाट अडली ती सीडी-४ ला चिकटणाऱ्यांनी. एकाच जातीची अँटिबॉडी हवी तेवढी बनवण्याची रीत कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये दिली नसती, तर माझ्या फ्रीजमधली ती छोटी कुपी नसती.

कुपीतल्या अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडलेला असतो. अशा रंगांपैकी फायकोएरिथ्रिन मुळात समुद्रातल्या लाल शेवाळातून मिळालेला. त्याला उजेड सोसत नाही आणि गोठवलं की तो बिघडतो. रक्ताची जांभळ्या टोपणाची नळी मात्र फ्रीजबाहेरच ठेवायची. एकाच कामातल्या दोन वस्तूंच्या अशा उलट सवयी नव्या मुलांच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो.

सगळ्यात नाजूक काम पिपेटचं. दट्ट्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून रक्त जरा जास्त ओढायचं, टोक बाहेरून पुसायचं आणि सोडताना पहिल्या टप्प्यावर थांबायचं. ५० मायक्रोलिटर रक्तात टोकाला चिकटलेले ५ जादा गेले, तर १९० चा आकडा २०९ दिसतो. मोनोसाइट पेशींवरही सीडी-४ असतं, जरा मंद. त्या गणतीत मिसळू नयेत म्हणून सीडी-३ या टी-पेशींच्या खुणेची अँटिबॉडी सोबत लावतो. दोन्ही खुणा असलेली पेशीच धरायची. यंत्राच्या पडद्यावर तिचा ठिपक्यांचा पुंजका वेगळा उठतो, तेव्हा मला अजूनही मनापासून आनंद होतो.

निरोगी प्रौढात घनमिलिमीटरमागे साधारण ५०० ते १५०० अशा पेशी असतात. १ एप्रिल २००४ ला देशात सरकारी मोफत औषधं सुरू झाली तेव्हा ती कुणाला द्यायची हे ठरवण्यात या आकड्याचा मोठा वाटा होता. २०१७ पासून ती अट गेली, संसर्ग आढळला की औषध. चांगलंच झालं. त्यामुळे ही तपासणी आता जुनी झाली, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. आजही माणसं उशिरा येतात, खंगलेली, तापानं बेजार. त्यांचा आकडा २०० च्या खाली असेल तर क्षयरोग आणि मेंदूपर्यंत जाणारी क्रिप्टोकॉकस बुरशी लगेच शोधावी लागते. असा आकडा आला की मी अहवाल छापून होण्याची वाट पाहत नाही, आधी डॉक्टरांना फोन लावते.