बिननांगीचं गाणं

पावसाळ्यात हिर्डोशी खोऱ्यात ढग रस्त्यावर उतरतात. नीरा-देवघर धरणाचं पाणी गढुळून फुगतं, वरंध घाटाकडे निघालेली एसटी भरदुपारी दिवे लावून सरकते, खाचरांत भाताची लावणी चालू असते. अशात, नुसत्या हसवणाऱ्या गाण्या, तुझी आठवण काढायला कुणाला सवड? तरी तू या खोऱ्याला परकं नव्हतंस. पोटासाठी मुंबई गाठलेली इथली माणसं गणपतीच्या मिरवणुकीत तुझ्यावर नाचली असतील, गावी परतताना तुला शिट्टीत घेऊन आली असतील.

तुझं कूळ लांबचं. 1923 साली न्यूयॉर्कात फ्रँक सिल्व्हर आणि अर्व्हिंग कोन यांनी एका फळवाल्यावर गाणं रचलं. केळी संपलीत, पण ‘नाही’ म्हणणं त्याच्या जिभेला ठाऊक नाही, एवढाच विनोद. केस कापलेल्या, आखूड झग्यातल्या पोरी तेव्हा असल्या गाण्यांवर बेभान होत. ते वारं पुढे मुंबईच्या हॉटेलांत आलं आणि गोवेकर वादकांच्या ट्रम्पेटात शिरलं. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ झाला. पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्रांनी, म्हणजे अण्णांनी, त्याला हाताशी धरलं. अण्णांच्या संगीतावर 1951च्या ‘अलबेला’ सिनेमात भगवानदादा नुसते खांदे आणि कोपरं हलवत नाचले, तर पिटातली माणसं जागेवर ठरेनात. 1957 साली ‘आशा’तलं ‘ईना मीना डीका’ आलं. त्यात एका गोवेकर वादकाने कोकणीची फोडणी घातली, असं सांगतात.

हसवणारं गाणं आमच्याकडे आधीही होतं. पण एकनाथांच्या भारुडात हसता हसता विंचू चावतो. तुला नांगीच नव्हती. तू ना देव दाखवलास, ना शहाणपण शिकवलंस. दिवसभर राबलेल्या माणसाला तू घटकाभर बिनकामाचं होऊ दिलंस. एवढं फुकट दुसऱ्या कुणी दिलं?

चिक चॉकलेट 1967 साली गेला, अण्णा 1982 साली. भगवानदादांचा जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या. 2002 साली दादरच्या चाळीतून दादाही गेले. मागच्या रांगेतल्या कितीतरी वादकांची नावं तर पडद्यावर कधी आलीच नाहीत.

रडवणाऱ्या गाण्यांच्या आम्ही मैफली करतो, त्यांच्यावर ग्रंथ लिहितो. तू गेलंस, तरी तुझी शोकसभा मात्र कुणी भरवणार नाही. भरवलीच आणि तुला वाजवलं, तर पुढच्या रांगेतलाच एखादा पाय ठेका धरेल. मग अध्यक्षांनी गंभीर व्हायचं कसं?