आमचा मूळ गायक

१९९० नंतरची दोन-तीन वर्षे आम्ही चौघे पुण्यात एका खोलीत राहत होतो. अभ्यास साहित्याचा आणि व्यसन गाण्याचे. खोलीत एक टेपरेकॉर्डर आणि खोकी भरून कॅसेटी. पंडित भीमसेन जोशी आणि बॉब डिलन ही दोन दैवते चौघांनाही मान्य होती. जोडी विजोड खरी. परंतु त्या वयात विजोड गोष्टी एकाच फळीवर सुखाने नांदतात.

भीमसेन म्हणजे ख्याल, हा आमचा धर्म. तोडी, दरबारी, शुद्ध कल्याण, मारवा. ‘संतवाणी’ ही आमच्या लेखी गर्दीची सोय होती. राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांच्या चालींतले अभंग त्यांनी गायले आणि तो स्वर महाराष्ट्रात घरोघर पोचला, हे आम्हांस ठाऊक होते. किंबहुना राग त्याचाच होता. सवाई गंधर्व महोत्सवात पहाटेपर्यंत थंडीत जागून जो स्वर आम्ही ‘कमावला’, तो कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे सकाळी फुकट ऐकू यावा? मैफलीच्या अखेरीस कोणी अभंगाची फर्माईश केली, की आम्ही चपला शोधू लागत असू.

डिलनच्या बाबतीत मात्र आम्ही मोठे उदारमतवादी. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो विजेची गिटार घेऊन उभा राहिला आणि श्रोत्यांतून हुर्यो उठली. त्या हुर्योत निष्ठावंतांचा रोष किती आणि सदोष ध्वनियोजनेवरचा वैताग किती, याविषयी आजही वाद आहेत. पण १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरला जे घडले त्यात संदिग्ध काही नाही. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत एक श्रोता ‘ज्यूडास!’ असे ओरडला. येशूला पकडून देणाऱ्या शिष्याचे नाव! वाद्याला वीज जोडणे म्हणजे गुरुद्रोह मानणाऱ्या त्या श्रोत्याला आम्ही मनसोक्त हसत असू. तो आपल्याच खोलीत राहतो, हे आमच्या ध्यानात येत नव्हते.

एकदा आमच्यातल्या एकाची आई उपचारांसाठी पंढरपूरजवळच्या गावाहून पुण्याला आली. त्याच सुमारास संतवाणीचा कार्यक्रम होता. काकूंना घेऊन जाणे भाग पडले. आम्ही सोबतीपुरते गेलो आणि एकमेकांकडे सूचक कटाक्ष टाकत बसलो. काकू संपूर्ण वेळ हात जोडून बसल्या होत्या. परतताना रिक्षात त्यांनी विचारले, “बुवा आणखी काय काय गातात रे?” आम्ही काहीशा मिजाशीत सांगितले, “काकू, ते खरे ख्यालाचे गवई. तुम्हाला कंटाळा येईल.” “लावून तर बघा,” त्या म्हणाल्या.

रात्री तोडी लावली. काकू अर्धा तास भिंतीला टेकून निश्चल ऐकत होत्या. शेवटी इतकेच म्हणाल्या, “तेच मागणं आहे की. इथं फक्त शब्द कमी लागले.”

चार वर्षे संगीतसमीक्षा वाचून आम्हांस जे वाक्य सुचले नाही, ते त्या अर्ध्या तासात बोलून गेल्या. आम्ही दोन भीमसेन केले होते. काकूंनी एकच ऐकला.

पुढे चरित्रे वाचताना आमची आणखी फजिती झाली. भीमसेनांनी गदगच्या बालपणी प्रथम ऐकली ती आईची भजने. गुरूच्या शोधात त्यांना घराबाहेर काढणारी अब्दुल करीम खाँची ध्वनिमुद्रिकाही ठुमरीची होती, असे सांगतात. डिलनचेही तेच. मिनेसोटातल्या हिबिंग गावी शाळकरी वयात तो लिटल रिचर्डच्या धर्तीवर रॉक अँड रोल वाजवत होता. लोकगीते नंतर आली. म्हणजे ज्याला श्रोत्यांनी दगा म्हटले, ते काही अंशी घरी परतणे होते.

मग ‘मूळ’ गायक कोणता? आमची आणि त्याची जेथे प्रथम भेट झाली, तेथला. ‘मूळ’ ही तारीख गायकाच्या आयुष्यातली नसतेच. ती आपल्या आयुष्यातली असते. तो वाट बदलतो तेव्हा ती खोली, ती जागरणे, ते वय यांचा साक्षीदार उठून जातो. ओरड त्याची असते, आणि नाव मात्र कलेच्या शुद्धतेचे.

अर्थात, नव्या वाटेवरचे सारेच काही सरस असते असे नव्हे. वाईटाला वाईट म्हणण्याचा हक्क श्रोत्याला आहेच. पण त्यासाठी आधी शेवटपर्यंत बसून ऐकावे लागते. आम्ही तर चपला शोधत होतो.

२०११ च्या जानेवारीत भीमसेन गेले. काकू त्याआधीच गेल्या होत्या. ती खोली केव्हाच सुटली, चौघे चार गावी पांगलो. आता अभंग कानी पडला की आम्ही थांबतो. मँचेस्टरच्या त्या श्रोत्याला आता हसवत नाही. तो निदान आपले दुःख उघड ओरडला. आम्ही आमचे दुःख अभिरुची म्हणून मिरवले.